जाहिरातीचे गाल

नववीच्या सुट्टीत माझ्या कपाळावर पहिल्या पुटकुळ्या आल्या आणि दहावीच्या दिवाळीपर्यंत त्या गालांवरून हनुवटीखाली उतरल्या. काही पिवळ्या तोंडाच्या, काही नुसत्याच आतल्या आत ठसठसणाऱ्या. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि आम्ही नाशिक रोडला सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो. सगळ्यांचे वडील एकाच वेळी डबा घेऊन बाहेर पडायचे, एकाच वेळी परत यायचे, आणि मधल्या वेळात सगळ्यांच्या आया एकमेकींच्या घरात. अशा ठिकाणी पोरीच्या तोंडावर काही उगवलं की ते तिचं एकटीचं राहत नाही. ते पाण्याच्या वेळेसारखं सगळ्या बिल्डिंगचं होतं.

“पोट साफ होत नसेल हिचं.”

“आंबे खाल्ले असतील भरपूर.”

वडिलांचे एक सहकारी आमच्याच घरी बसून, आमचाच चहा बशीत ओतून पीत म्हणाले, “या वयात मनात नाही नाही ते विचार आले की असं होतं.” या गृहस्थांच्या स्वतःच्या कानांतून केसांचे झुपके बाहेर आलेले होते. ते कुठल्या विचारांनी आले, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आईने त्यांना आणखी चहा विचारला. माझी आई अशीच होती. समोरचा जरा ठासून बोलला की तिला ते पटायचंच.

माझी आत्या नामपूरला दिलेली. ती आली, दारातच माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, “हाई काय शे तोंडवर?” तिच्याकडे कांद्याचा व्यापार, म्हणून तिचा उपाय कांद्याचा. रोज रात्री कांद्याचा रस चोळून झोपायचं. मी झोपले. सकाळी दोनदा आंघोळ करूनही वर्गात माझ्या बाकाला बाजार समितीचा वास यायचा आणि शेजारची मुलगी दप्तर उचलून पुढच्या बाकावर गेली. त्याआधी दुधात उगाळलेलं जायफळ झालं होतं, मुलतानी माती झाली होती, कडुलिंबाचा पाला उकळून झाला होता. लिंबू चोळून उन्हात बसण्याचाही एक उपाय होता. त्याने गालाची साल निघाली आणि खाली काळा डाग राहिला. प्रत्येक वेळी उपाय सांगणारी बाई एकच वाक्य बोलायची, “नैसर्गिक आहे गं, त्याने काही होत नाही.” विंचूही नैसर्गिकच असतो, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काकू राहायच्या. “माझ्या चेहऱ्यावर उभ्या जन्मात एक फोड आला नाही,” हे त्या अशा थाटात सांगायच्या, की जणू रात्र रात्र अभ्यास करून त्यांनी ते मिळवलं होतं. मी जिन्यात भेटले की त्या थांबून माझ्याकडे बघायच्या आणि जिभेने च्‌ च्‌ करायच्या. एक दिवस त्या आईला म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही हिला माझ्या हवाली करा. गंगापूर रोडला एक सर आहेत. निसर्गोपचार करतात. हिचं कल्याण करून आणते.”

आईने मला त्यांच्या हवाली केलं, आणि स्वतःही मागोमाग आली.

त्यांना सगळे सर म्हणत. ते कुठे काय शिकवत होते, ते मला कधी कळलं नाही. बंगल्यात शिरताच धुपाचा वास, भिंतीलगत अंथरलेल्या सतरंज्या, आणि त्यावर बायका हात जोडून बसलेल्या. सर पांढऱ्या झब्ब्यात. चेहरा तुपाने पुसल्यासारखा. त्यांनी माझी जीभ पाहिली, नखं दाबली, नाडीवर बोटं ठेवून डोळे मिटले. तोंडाकडे मात्र पाहिलं नाही.

“हा आजारच नाही,” डोळे मिटलेले असतानाच ते म्हणाले. “शरीर बोलतंय.”

“काय बोलतंय?” मी विचारलं. काकूंनी मला कोपर मारलं.

“की आत कचरा साठलाय. रक्तात मळ आहे.”

सतरंजीवरच्या बायकांनी माना डोलावल्या. माझ्या रक्तात मळ आहे हे अनोळखी बायकांसमोर जाहीर झालं, आणि त्याबद्दल वाईट वाटण्याऐवजी माझ्या आईला हायसं वाटलं. निदान काय आहे ते तरी समजलं!

तिखट बंद, तेलकट बंद, दही बंद, शेंगदाणे बंद. सकाळी अनशापोटी दुधीचा रस. आणि लेप. लहानशा प्लास्टिकच्या डबीत हिरवट, घट्ट, गुलाबाचा वास असलेला.

“यात काय काय असतं?” आईने भीत भीत विचारलं.

“पेठच्या डोंगरातल्या वनस्पती,” सर म्हणाले. “तिथल्या बाया सूर्य उगवायच्या आत खुडतात. सूर्य लागला की गुण जातो.”

पुढे नोकरीत मला पेठला जावं लागलं. तिथल्या बाया सूर्य उगवायच्या आत उठत होत्या, यात खोटं काही नव्हतं. द्राक्षबागांत मजुरीला नेणारी गाडी पकडायची असायची त्यांना. नाशिकच्या पोरींच्या गालांसाठी डोंगर धुंडाळणारी एकही मला भेटली नाही.

पण लेपाने गुण आला. तो इतका झटपट आला की मी स्वतःच चकित झाले. लाली गेली, फोड बसले, आठवडाभरात कातडी तुळतुळीत. मी आरशासमोरून हलत नव्हते. आई मला पाहून रडली. आणि काकू मला घेऊन फिरायला लागल्या.

“हीच ती. आठवतं ना कशी होती? हात लावून बघा. अहो, बघा तर!”

मी दप्तर पाठीला लावून उभी, आणि बायका माझ्या गालाला हात लावून बघत. एकीच्या बोटांना कणीक होती. एकीने दोन्ही गाल चिमटीत धरून ओढले, कापड घेताना पोत बघतात तसे. काकू बाजूला उभ्या राहून हसत, जणू मी त्यांच्या हाताची पुरणपोळी. सरांनी त्यांना ‘सेविका’ करून टाकलं. त्यांच्या फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी लेपाच्या डब्या रचलेल्या असत आणि त्या कॉलनीभर वाटत. स्वतःही लावायला लागल्या. ज्या बाईला उभ्या जन्मात एक फोड आला नव्हता, ती कशासाठी लावत होती? “उजळपणा येतो,” त्या म्हणाल्या.

अकरावीला गेले तेव्हा काहीतरी बिनसायला लागलं. कॉलेजला जाताना उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे व्हायचे. गालांवर बारीक लव दिसायला लागली, नाकाच्या बाजूंना दोऱ्यासारख्या तांबड्या शिरा. दोन दिवस लेप लावला नाही, तर जुने फोड नवे सोबती घेऊन हजर. काकूंनी मला पुन्हा सरांकडे नेलं. सर प्रसन्न झाले.

“हीच ती शुद्धी! कचरा बाहेर पडतोय. आता लेप दोनदा लावायचा.”

म्हणजे गुण आला तर लेपाचा, आणि नाही आला तर कचऱ्याचा. असा धंदा बुडणार कसा?

हे सगळं होत असताना वडील एक शब्द बोलले नव्हते. पोरींच्या तोंडाचा विषय बायकांचा, असं त्यांचं मत असावं. पण एका रविवारी ते पेपर वाचता वाचता माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हिच्या गालाला काय झालंय? भाजलं का?” आई म्हणाली, “शुद्धी चाललीय.” वडिलांनी पेपर घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते मला शालिमारजवळ एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंचे केस बारीक कापलेले, आवाज कोरडा. त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं आणि सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. आत्यानंतर उपाय करणाऱ्यांपैकी पहिल्यांदाच कुणीतरी तिथे पाहत होतं.

“काय लावतेस?”

“नैसर्गिक आहे.”

“काय लावतेस ते विचारलं मी. कसं आहे ते नाही.”

मी डबी काढून दिली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, बोटाला थोडं लावून चोळलं आणि डबी टेबलावर ठेवून दिली. मग म्हणाल्या, “पाळी वेळेवर येते का?”

वडील उठून बाहेर गेले. मी सांगितलं, तीन-तीन महिने येत नाही. आईला ती एक सोयच वाटायची. माझं पोट, माझी जीभ, माझी नखं, मी खाल्लेले आंबे, माझ्या मनातले विचार, सगळ्यांची चौकशी होऊन गेली होती. हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता.

बाईंनी कागदावर पेनाने कातडीचा तुकडा काढला. त्यात एक केस, केसाच्या मुळाशी तेलाची पिशवी. “वयात येताना या पिशव्या जास्त तेल सोडतात. तोंड बुजतं, आत जंतू वाढतात, फोड येतो. तुझी पाळीची गडबड आहे, त्यामुळे तुला इतरांपेक्षा जास्त. त्याची तपासणी करू. कचरा-बिचरा काही नसतो. तुझं रक्त स्वच्छ आहे.”

मला एकदम रडू आलं. त्यांनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

“या लेपात स्टेरॉइडचं मलम असणार. डबी तपासायला पाठवल्याशिवाय मी लिहून देणार नाही, पण तुझं तोंड सांगतंय. आजपासून बंद. बंद केल्यावर आधी भयंकर वाढेल, मग कमी होईल. सोसशील?”

“घरगुती काही करू का?” मी विचारलं. सवय जात नाही.

“कर ना. साध्या साबणाने दोन वेळा तोंड धू. डोक्याचं तेल कपाळावर उतरू देऊ नकोस. फोड फोडू नकोस. वेळेवर झोप. घरात शिजतं ते सगळं खा. एखाद्या पदार्थाने वाढतंय असं तुला स्वतःला दिसलं, तर तेवढाच सोड. आणि ज्याला त्याला तोंड दाखवत फिरू नकोस.”

बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. लेप बंद केला आणि माझं तोंड सुजून लाल झालं, पाणी सुटायला लागलं. उशीला गाल टेकवता येईना. मी कॉलेज बुडवून घरात बसले. काकूंना ही मोठीच पंचाईत झाली, कारण त्यांची जाहिरात बिघडली होती. पण काकू कसल्या डगमगतात! जिन्यात, गच्चीवर, भाजीच्या गाडीपाशी त्यांनी सांगायला सुरुवात केली, “पथ्य मोडलं हो तिने. कॉलेजबाहेर कचोरी खाताना आमच्या धाकट्याने पाहिलंय.” मी घराबाहेर पडत नव्हते आणि गावभर माझ्या कचोऱ्या चालल्या होत्या.

आईची द्विधा अवस्था. डॉक्टरीणबाई कोरड्या बोलणाऱ्या, सर गोड. “एकदा त्यांना विचारून तर बघू,” ती म्हणाली. “तोंडावर खोटं नाही बोलणार ते.” मी ओढणी गुंडाळून तिच्याबरोबर गंगापूर रोडला गेले. सतरंजीवर आमचा नंबर येईना, गाल पेटलेले. तोंडावर पाणी मारावं म्हणून मी बंगल्याच्या मागच्या नळाकडे गेले. नळाशेजारी पत्र्याचा मोठा डबा होता आणि तो मलमाच्या रिकाम्या नळ्यांनी काठोकाठ भरला होता. सगळ्या एकाच औषधाच्या. टूथपेस्ट शेवटपर्यंत काढायला आपण शेपटीकडून गुंडाळत आणतो, तशा सगळ्या सारख्या गुंडाळलेल्या. मी एक उचलून पर्समध्ये टाकली, आत जाऊन आईचा हात धरला आणि तिला नंबर न लावताच बाहेर काढलं. तशाच शालिमारला गेलो. डॉक्टरीणबाईंनी नळीवरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, “हेच.”

पुढच्याच आठवड्यात आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये सरांचं शिबिर होतं. ‘सौंदर्य आतून येतं’ असा फलक, समई, हार. काकू जरीच्या साडीत दारात उभ्या राहून डब्यांचं टेबल सांभाळत होत्या. मी आले ते त्यांना आवडलं नाही. “तू कशाला उठून आलीस गं अशा अवस्थेत?” त्या म्हणाल्या. मी मागच्या रांगेत जाऊन बसले. आई शेजारी. सर तासभर रक्त, मळ, उष्णता आणि पहाटे खुडलेल्या पाल्याबद्दल बोलले. मग प्रश्न विचारा म्हणाले. मी ओढणी काढून उभी राहिले.

“तुमच्या मागच्या नळापाशी डबाभर या नळ्या आहेत,” मी नळी वर धरली. “स्टेरॉइडच्या. हे लेपात घालता ना तुम्ही?”

मला वाटलं, संपला माणूस. इतकी मूर्ख होते मी.

सरांनी हात जोडले. “बाळ, तू हा प्रश्न विचारलास, फार उपकार केलेस. बघा, बघा ही नळी! हे विष लावून, पोळलेली तोंडं घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी त्यांच्या हातातून या नळ्या काढून घेतो आणि त्या डब्यात टाकतो. तो डबा मुद्दाम ठेवलाय मी. माझ्यासाठी तो देवघरासारखा आहे.” मग आवाज उतरवून म्हणाले, “तुझ्यात क्रोध फार आहे, बाळ. क्रोध त्वचेतूनच बाहेर येतो.”

टाळ्या पडल्या. ज्या बाईने माझे गाल चिमटीत धरून ओढले होते, तिने सर्वात जोरात वाजवल्या. काही जणी मागे वळून माझ्या सुजलेल्या तोंडाकडे कीव करत बघत होत्या. क्रोध दिसत असणार त्यांना त्यावर.

“मग सगळ्या एकाच औषधाच्या कशा?” असा बारीक आवाज आला. माझी आई बोलत होती. बसल्या जागेवरून, पदराच्या टोकाशी चाळा करत. “आणि गुंडाळलेल्या सारख्याच... लोक आणतात तर निरनिराळ्या असत्या ना?”

टाळ्यांमध्ये ते मला एकटीला ऐकू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच आई ठासून बोलणाऱ्याला उलट काही विचारत होती, आणि नेमकं विचारत होती. मी तिला म्हटलं, “आई, उभी राहून मोठ्याने बोल.” ती उभी राहिली, पण तोवर बायका डब्यांच्या टेबलाकडे धावल्या होत्या. त्या दिवशी काकूंच्या टेबलावर एक डबी उरली नाही. माझ्या प्रश्नामुळे खप वाढला, असं मला नंतर कुणीतरी कौतुकाने सांगितलं.

मी बरी झाले. वर्षभर लागलं. पाळीचं औषध, रात्री लावायचं एक साधं मलम, साबण आणि पाणी. गालांवर खड्डे राहिले. लग्नाच्या वेळी बघायला आलेल्या एका बाईंनी “देवी आल्या होत्या का?” असं विचारलं. मी म्हटलं, “नाही, सेविका आल्या होत्या.” ते स्थळ तिथेच संपलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

दोन हजार सालानंतर वडील निवृत्त झाले, आम्ही इंदिरानगरला घर घेतलं. सर तोवर केबलच्या चॅनलवर दिसायला लागले होते, झब्बा आता रेशमी. एका दुपारी काकू आमच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना ओळखलं ते आवाजावरून. तोंड तांबडंलाल, कातडी पातळ कागदासारखी, तिच्यातून शिरांचं जाळं दिसत होतं. हनुवटीवर बारीक फोडांची रांग.

“गॅससमोर उभं राहवत नाही गं,” त्या म्हणाल्या. “चपाती करताना तोंडावर ओला टॉवेल घ्यावा लागतो.”

“अजून लावता?”

“थांबवलं की उठतं. सर म्हणतात शुद्धी...”

“इतकी वर्षं शुद्धी? गंगा तरी एवढी घाण झाली असेल का हो काकू?”

त्यांनी पदराने हनुवटी टिपली. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. तरी मी चप्पल घातली आणि रिक्षा करून त्यांना शालिमारला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं तेच त्यांनाही सांगितलं, तितक्याच कोरडेपणाने. बंद करा, वाढेल, मग उतरेल, वेळ लागेल. काकू हो हो म्हणाल्या. परत येताना रिक्षात रडल्या. “तू म्हणत होतीस तेव्हाच ऐकायला हवं होतं,” असंही म्हणाल्या.

दहा-बारा दिवसांनी मी चौकशीला फोन केला. पलीकडून आवाज एकदम ठणठणीत.

“अगं, बंद केलं होतं. पण तोंड इतकं सुजलं की काय सांगू! आणि धाकट्याचं लग्न तोंडावर आलंय. व्हिडिओवाला येणार, सगळं गाव येणार. एवढं लग्न होऊन जाऊ दे, मग बघू. तू ये हं नक्की, आईला घेऊन.”

आम्ही गेलो. औरंगाबाद रोडला लॉन्स होतं, कॅमेऱ्याचे दिवे पांढरे फटक. काकू स्टेजवर उभ्या होत्या, गाल तुळतुळीत, घाम टिपायला हातात रुमाल. पाहुण्या बायका त्यांच्या रंगाचं कौतुक करत होत्या आणि त्यांच्यातली एक कानाशी लागून विचारत होती, काय लावता हो तुम्ही? काकू तिला बाजूला घेऊन सांगायला लागल्या.

आई म्हणाली, “जाऊन सांग ना त्या बाईला.”

“तिने मला विचारलेलं नाही,” मी म्हटलं. आणि आम्ही जेवणाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो.